एकेचाळिसावा रकाना

१२ जानेवारी

प्रिय वन्सं,

तुमच्या कार्यालयाचा फॉर्म काल आमच्या दारात येऊन पडला. फॉर्म कसला, ग्रंथच तो. चौदा पानं, पंच्याऐंशी रकाने, आणि टाचणी अशी मारलीय की दुसऱ्या वाचनाला पानं हातात येतील. छापखान्यात एवढी वर्षं बाइंडिंग करतेय मी, असलं काम केलं असतं तर मालकानं तोंडावर फेकलं असतं.

फॉर्म घेऊन एक मास्तर आले होते. शाळेत भूगोल शिकवतात, आता सुट्टीच्या दिवशी घरोघर हिंडायचं काम त्यांच्या गळ्यात पडलंय. चहा नको म्हणाले, नियमात बसत नाही. पण माझ्या बोटांना काय लागलंय ते मात्र विचारलं. डिंक, म्हटलं. तेही लिहून घेतलं!

घरात किती माणसं, हे विचारलं तर मी समजू शकते. पण घरी कोण येतं-जातं, महिन्यातून किती वेळा येतं, घरात कोणाचं कोणाशी पटत नाही, हे कशाला हो? उद्या विचारतील, भांडण आधी कोण सुरू करतं. तसं विचारलंच तर मी तुमच्या दादांचं नाव लिहीन. खोटं असलं तरी.

चिमीला नर्सिंगच्या कॉलेजात जायचंय. सतरा पूर्ण झाली, आता दुसरं काही सुचत नाही तिला. त्या अर्जाला या फॉर्मची पावती जोडावी लागते म्हणे. म्हणजे भरायला तर हवाच. तुमचे दादा गोदीतून आले, फॉर्म चाळला आणि "हे माझ्या बहिणीचं खातं, तिलाच विचार," म्हणून मोकळे झाले. क्रेननं अठरा टनांचं ओझं उचलून धक्क्यावर अलगद ठेवणारा माणूस, त्याला चौदा पानं उचलवेनात.

तर सांगा, काय काय लिहू?

तुमची वहिनी


२० जानेवारी

वहिनी,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि एकटीच हसत बसले. शेजारच्या टेबलावरची विचारत होती, काय झालं म्हणून.

टाचणीबद्दल मात्र काही बोलू नकोस. तेवीस लाख फॉर्म आहेत, बाई. आणि हसण्यावारी नेऊ नकोस. मागच्या महिन्यात इथे एका चाळीसारख्या इमारतीला आग लागली. तिसऱ्या मजल्यावर एक लकवा झालेले आजोबा अंथरुणाला खिळलेले आहेत, हे आगीच्या बंबावाल्यांना आमच्या कार्डावरून कळलं. शिडी लावली ती थेट त्यांच्या खिडकीला. ते कार्ड मी लिहिलेलं होतं, वहिनी. माझ्या अक्षरात. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण नुसती शाई वाया घालवत नाही आहोत.

तेव्हा सगळं खरं लिही. आपल्याला लपवायचंय काय? रकाना मोकळा सोडू नकोस, मोकळे रकाने इथे वेगळ्या टोपलीत जातात. आणि तो एकेचाळिसावा, इस्पितळाचा, तिथे "नाही" लिही आणि पुढे जा. त्यावर दादाचा वेळ घालवू नकोस.

चिमीला सांग, आत्याला पहिलं इंजेक्शन तिनेच द्यायचं.

तुझी,
जिला तू उगाच "अहो वन्सं" म्हणतेस ती


३ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

झाला एकदाचा भरून. तीन संध्याकाळी गेल्या.

तुमच्या एकेचाळिसाव्यापाशी गंमत झाली. मी मोठ्यानं वाचलं, "कुटुंबातील कोणी मानसिक आजारासाठी कधीही इस्पितळात दाखल होते काय?" आणि म्हटलं, तुमच्या बहिणीनं न विचारताच उत्तर पाठवलंय, "नाही" लिहा. यांनी "नाही" लिहिलं. शेवटच्या पानावर सही करायची तर पेन धरून नुसते बसले. शाईचा एक थेंब सहीच्या जागी पडला. काय हो, म्हटलं. म्हणाले, हात आखडलाय, वर क्रेनच्या केबिनमध्ये गार वारं लागतं. मी तेल गरम करून दिलं.

मास्तर आले, आमच्या तिघांच्या बोटांचे ठसे घेतले, फोटो काढले. जाताना शेजारच्या शिंपीकाकांकडे शिरले. काका नंतर भिंतीवरून सांगत होते, मास्तरांनी आमच्याबद्दल विचारलं. नवरा-बायको मोठ्यानं बोलतात की हळू, घरात कोणी रडताना ऐकू येतं का, असलं. काकांनी सांगितलं, "कापड बेतताना मला कान नसतात." आम्ही दोघं खूप हसलो. पण घरात आल्यावर मी खिडकी लावून घेतली. का कुणास ठाऊक.

पावती मिळाली. चिमीनं ती उशीखाली ठेवलीय.

तुमची वहिनी


२४ जून

वहिनी,

इतके महिने पत्र नाही म्हणून रागावली असशील. मला नव्या खात्यात टाकलंय. "जुळवणी" म्हणतात त्याला. तळमजल्यावरचा मोठा हॉल, चाळीस टेबलं, खिडक्या पार छताला टेकलेल्या. आजवर नुसती नवी कार्डं होती. आता गावोगावची जुनी दप्तरं ट्रंका भरभरून येतायत. शाळांची, तुरुंगांची, अनाथाश्रमांची, इस्पितळांची. एका हाताला जुनी वही, एका हाताला नवं कार्ड. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, तिन्ही जुळलं की कार्डाला लाल पट्टी चिकटवायची आणि वरच्या मजल्यावर पाठवायचं. वर त्याचं काय होतं ते आम्हाला माहीत नाही. विचारायची पद्धतही नाही.

माझा हात चांगला बसलाय. दिवसाला दहा दहा जुळण्या होतात. आमच्या अधीक्षकबाई फार हळू आवाजात बोलतात, त्या परवा माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून म्हणाल्या, "तुमच्यासारखी नजर इथे दुसऱ्या कोणाची नाही." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

पुढच्या आठवड्यात आपल्या गावाकडच्या ट्रंका येणार आहेत. टेकडीवरचं इस्पितळ बंद पडलं ना, त्याच्याही.

दादा कसा आहे? अजून क्रेनवरच आहे ना? त्याला कोणी काही विचारायला आलं तर मला लगेच कळव. असंच विचारतेय, मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी वन्सं


९ जुलै

प्रिय वन्सं,

"असंच विचारतेय" म्हणता आणि माझी झोप उडवता.

सोमवारी यांना तपासणीला बोलावलं होतं. एकट्यांना नाही, गोदीतल्या सगळ्या क्रेनवाल्यांना. डोळे पाहिले, कान पाहिले, गुडघ्यावर हातोडी मारली. मग डॉक्टरांच्या शेजारी बसलेल्या माणसानं आमचा फॉर्म काढला आणि विचारलं, "एकविसाव्या वर्षी पाच महिने तुमच्या नावावर काम दिसत नाही. कुठे होता?" हे म्हणाले, जहाजावर. "कुठल्या?" आठवत नाही म्हणाले. त्या माणसानं मान डोलावली, म्हणे, "बघू, सापडेल."

हे घरी आले ते पायरीवरच बसले. बूटही काढले नाहीत. मलाही लग्नाच्या आधी जहाजाचंच सांगितलं होतं यांनी. पण वन्सं, ज्याला जहाजाचं नाव आठवत नाही असा गोदीतला माणूस मी बघितला नाही.

मी तुम्हाला सरळ विचारते. त्या वर्षी काय झालं होतं?

वहिनी


१४ जुलै

वहिनी,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. तुमच्या गावच्या बसचा कंडक्टर दादाचा जुना मित्र आहे, तो तुझ्या हातात देईल. वाचून झालं की चुलीत घाल.

दादा जहाजावर नव्हता.

आई गेली तेव्हा तो एकवीसचा होता, मी अठराची. तिसऱ्या दिवसापासून त्याचं बोलणं बंद झालं. ताट समोर ठेवलं तर ताटाकडे बघत बसायचा. एका सकाळी तो धक्क्याच्या अगदी टोकाला उभा सापडला. बूट काढून शेजारी नीट जोडीनं ठेवलेले. बाबांनी त्याला टेकडीवरच्या इस्पितळात नेऊन सोडलं आणि पुन्हा तिथे पाऊल टाकलं नाही. लोक काय म्हणतील, एवढीच त्यांना भीती. मी दर रविवारी जायचे. अकरा रविवार तो एक शब्द बोलला नाही. बाराव्याला माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "तुझ्या चपलेचा अंगठा तुटलाय." मी घरापर्यंत बसमध्ये रडत आले, आनंदाने.

पाच महिन्यांनी त्याला आणायलाही मीच गेले. बाबा आले नाहीत, म्हणून इस्पितळाच्या वहीत सही मी केली. घरी आल्यावर बाबांनी आम्हा दोघांना शपथ घातली. पुढे तू आलीस, चिमी आली, चोवीस वर्षं त्याच्या क्रेनखाली कोणाला साधं खरचटलं नाही. बोलायचं राहूनच गेलं. ते राहून गेलं म्हणून मी बरी होते, हेही खरं.

गुरुवारी ती वही माझ्या टेबलावर आली. पान उलटलं तर आधी माझीच सही ओळखू आली, मग त्याचं नाव. मी ते पान फाडलं, वहिनी. डब्याच्या झाकणात घडी घालून घरी आणलं आणि जाळलं. राखसुद्धा मोरीत धुऊन टाकली. आता कागदोपत्री तो जहाजावरच होता. दादाला सांग, जहाजाचं नाव विचारलंच तर एखादं बुडालेलं सांग.

माझ्यावर राग धर, पण त्याच्यावर धरू नकोस.

तुझी वन्सं


१९ जुलै

वन्सं,

राग धरलाच. बावीस वर्षांचा संसार, आणि माझ्या नवऱ्याचं दुखणं तुमच्या ट्रंकेला माहीत, मला नाही. दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही. यांनी ओळखलंच. शेवटी मी म्हटलं, "टेकडीवरचं मला कळलंय." हातात टॉवेल होता, त्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली. मग म्हणाले, "तू सोडून जाशील असं वाटायचं." मी म्हटलं, "तुमचं घोरणं ऐकून गेले नाही, आता कुठे जातेय!" हसले, आणि हसता हसताच त्यांचा बांध फुटला. काल कामावर जाताना बऱ्याच दिवसांनी शीळ घालत गेले.

पण हे पत्र त्यासाठी नाही. ज्याच्या हाती द्यायचं तो शनिवारी येणार आणि तोवर मला थांबवत नाही, म्हणून पोस्टानं टाकतेय. वन्सं, ती वही शिवलेली होती का? दोऱ्यानं? शिवलेल्या वहीत एका कागदाची घडी घालून दोन पानं होतात. एक पान फाडलं की त्याच्या जोडीचं दुसरं पान मोकळं होतं. आज नाही सुटलं तर कोणी वही उचलली की सुटून पडेल. त्या पानावर दुसऱ्याच कोणाचं नाव असेल, आणि ते पान कशानं सुटलं हे कोणीही शोधेल. आमच्याकडे छापखान्यात नवखी पोरंही हे ओळखतात.

तेव्हा ते जोडीचं पान हातानं डिंक लावून चिकटवा. शिवणीच्या पोटात, अगदी पातळ, दोन बोटांची रेघ. सुकेस्तोवर वही दाबून ठेवा. उद्याच करा.

वहिनी


६ ऑगस्ट

आदरणीय वहिनी यांस,

आपले दिनांक १९ जुलैचे पत्र मला कार्यालयात वाचून दाखवण्यात आले.

माझी प्रकृती उत्तम आहे. मला येथे चांगली वागणूक मिळते. कार्यालयाच्या कामात माझ्याकडून एक गंभीर चूक झाली असून ती दुरुस्त करण्यात मी मदत करत आहे. आपणही मदत करावी. दिनांक १४ जुलैचे माझे पत्र आपणाकडे असल्यास ते सोबतच्या पाकिटातून पाठवावे. ते कोणी आणून दिले हेही कळवावे. आपले पती यांनी एकेचाळिसाव्या रकान्याबाबत नवे निवेदन भरून द्यावे, म्हणजे त्यांच्या बाबतीत सहानुभूतीने विचार होईल.

खरी माहिती देणाऱ्यास कसलेही भय नाही.

आपली नम्र


११ ऑगस्ट

वन्सं, आणि तुमच्या आधी हे पत्र उघडणारे जे कोणी असतील त्यांना नमस्कार.

तुम्ही मला जन्मात कधी "आपण" म्हटलं नाहीत. तेवढ्यावरून मला कळायचं ते कळलं.

१४ तारखेचं पत्र मी पाणी तापवायला जाळलं. कागद दमट होता, नीट पेटतही नव्हता. कोणी आणून दिलं ते आठवत नाही. या घरात हल्ली कोणालाच काही आठवेनासं झालंय. असं काही आम्हाला एकेचाळिसाव्यात लिहावं लागेल का, तेही कळवा.

यांना पहिल्या तारखेलाच क्रेनवरून उतरवलं. आता गोदीच्या आवारात झाडू मारतात. ज्या क्रेनवर चोवीस वर्षं काढली तिच्या खाली. चिमीला कॉलेजचं पत्र आलं. चार शब्द आहेत, "कौटुंबिक नोंदीमुळे प्रवेश नाही." अपील करता येतं म्हणे. तिनं केलंय. सध्या माझ्याबरोबर छापखान्यात येते, पानं मोजते.

जेवत जा. एवढं तरी कोणी खोडणार नाही.

वहिनी


२ नोव्हेंबर

वहिनी,

कंडक्टर अजून तुझ्याच गाडीवर आहे आणि अजून हो म्हणतो. म्हणून लिहितेय.

तू म्हणालीस तसंच झालं. तुझं पत्र माझ्या हातात पडलं असतं तर कदाचित वेळ मिळाला असता. पण ते आधी वर गेलं. त्यांनी ट्रंका पुन्हा उघडायला लावल्या. अधीक्षकबाईंनी ती वही दोन्ही हातांनी धरून हळूच हलवली. जोडीचं पान तरंगत माझ्या टेबलावर आलं. त्यांनी खुर्ची मागे ओढून मला उठायला जागा करून दिली.

अकरा दिवस मला वरच्या मजल्यावर एका खोलीत बसवत होते, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. मारलं नाही, कोणी आवाज चढवला नाही. मधल्या सुट्टीत चहा देत. मी फाडलेल्या पानाचं त्यांना फार काही नव्हतंच. टेकडीच्या इस्पितळाची दुसरी प्रत त्यांच्याकडे आधीच होती, वहिनी. मी ते जाळलं नसतं तरी दादाचं जे झालं ते झालंच असतं. त्यांना बघायचं होतं की मी काय करते. ती वही चाळीसातल्या नेमक्या माझ्याच टेबलावर आली, हा योगायोग नव्हता.

त्यांच्यापुढे एक फाइल होती. आपली पत्रं. जानेवारीपासूनची सगळी, टाइप केलेली. कंडक्टरच्या हातची ती एक तेवढी नव्हती. तुझ्या विनोदांखाली पेन्सिलीच्या रेघा. "खोटं असलं तरी" या तीन शब्दांखाली दोन रेघा, आणि समासात लिहिलेलं, "चुकीची माहिती देण्याची तयारी." शिंपीकाकांच्या कानांबद्दल तू लिहिलं होतंस ना, तिथे काकांचा कार्ड क्रमांक होता. मी हसले होते त्या वाक्यांना ती माणसंही हसली असतील का, असं सारखं मनात येत होतं. नसावीत.

वर काय होतं तेही पाहिलं. लाल पट्टीची कार्डं तिथून वाटली जातात. कामाच्या ठिकाणी, कॉलेजांकडे, घरं भाड्याने देणाऱ्या कार्यालयाकडे. प्रत्येकाची वेगळी टोपली, वर पाटी. एका टोपलीवर पाटीच नव्हती. ती रोज भरत होती.

आता जे लिहितेय ते अजून कोणाला सांगितलेलं नाही. दादाच्या पानाआधी मी एकटीने तीनशे बारा जुळण्या केल्या होत्या. माझी डायरी आहे, आकडा बरोबर आहे. एक बसचालक होता. एक शिक्षिका होती, तिची आई तुरुंगात बाळंत झाली होती, आणि ते तिलाही माहीत नसावं. त्या पट्ट्या मी व्यवस्थित, सरळ लावल्या. दादाचं नाव दिसलं तेव्हा हात कापले. त्याआधी तीनशे बारा वेळा कापले नाहीत. खोलीत मला त्यांनी जे विचारलं त्यातलं काही आता टोचत नाही. हे टोचतं.

मला कामावरून काढलंय. महिला वसतिगृहातली खोली पंधरा तारखेला सोडायचीय. दुसरीकडे बघितलं. मालकीणबाई हसतमुखाने बोलतात, कार्ड क्रमांक विचारतात आणि दोन दिवसांनी खोली गेलेली असते. सहा ठिकाणी झालं. मी तुमच्याकडे येते असं म्हणत नाहीये. नियम मला पाठ आहे. माझ्यासारखी व्यक्ती ज्या घरात राहते त्या घराच्या कार्डालाही पट्टी लागते. चिमीच्या अपिलाची सुनावणी वीस तारखेला आहे. माझं नाव तुमच्या फॉर्मवर आलं की ती सुनावणी संपली. म्हणून फक्त कळवतेय. काळजी करू नकोस, काहीतरी होईल.

दादाला सांग, मी अजून चालताना खाली बघते, तुटलेल्या चपलांकडे.

तुझी वन्सं


५ नोव्हेंबर

वन्सं,

हे कंडक्टरच्याच हाती देतेय, पोस्टानं नाही. तुमचं पत्र घरात तिघांनी वाचलं. आधी मी, मग हे, मग चिमी. तिच्यापासून लपवावं असं मला वाटलं होतं. हे म्हणाले, "लपवून काय झालं ते बघितलंस ना."

इथलंही ऐका. शिंपीकाका आता भिंतीवरून बोलत नाहीत. मशीन त्यांनी खिडकीपासून उचलून आतल्या खोलीत नेलंय. त्यांना बोलावून नेलं होतं दोनदा. मी काही विचारत नाही, तेही काही सांगत नाहीत. समोर सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे एक माणूस दिवसभर स्टुलावर बसतो. त्याची सायकल काही दुरुस्त होत नाही.

आज सकाळी मास्तर नवा फॉर्म घेऊन आले. दरवर्षी भरायचाय आता. या वेळी बावीस पानं आहेत, आणि टाचणी नाही, दोऱ्यानं शिवलाय. मास्तर फार वाळलेत. आम्ही चौघं टेबलाभोवती बसलो. "घरातील व्यक्ती" या रकान्यापाशी हे म्हणाले, "चार लिहा." मास्तरांनी मान वर केली. "तीन ना?" "चार. माझी बहीण येतेय."

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. दार लोटलेलं आहे ना ते बघितलं आणि अगदी हळू म्हणाले, "पाहुणी म्हणून लिहू का? आठ दिवसांची पाहुणी चालते. पट्टी लागत नाही. मुलीची सुनावणी तेवढ्यात होऊन जाईल." भला माणूस आहे हो. त्यानं हे सांगितल्याचं बाहेर कळलं तर त्याचं काय होईल, तेही त्याला माहीत होतं.

मी चिमीकडे बघितलं. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या तोंडात "हो, पाहुणी लिहा" हेच आलं होतं. आईची जात. पोरीचं नर्सिंग त्या एका शब्दात होतं. यांनीही मान खाली घातली.

चिमीनं मास्तरांच्या हाताखालून फॉर्म ओढला. म्हणाली, "आठ दिवसांनी काय लिहायचं? गेली म्हणून? मग नवव्या दिवशी आपणच खोटे ठरू. आणि आत्या जाणार कुठे?" पुढे तुमचं नाव लिहिलं, नातं लिहिलं. शेजारच्या रकान्यात "मुक्कामाचे कारण" होतं, तिथे लिहिलं, "हे तिचं घर आहे." पेन्सिलीनं नाही, शाईनं. मग उठून आत गेली. बराच वेळ नळ वाहत होता. मी गेले नाही आत. रडताना तरी कोणी बघणारं नको.

तुमच्या तीनशे बारांबद्दल मी काय म्हणू? ते माफ करायला मी कोण? ती डायरी मात्र जाळू नका, घेऊन या. त्यातली नावं तुम्हाला आठवतील तेवढी आपण एकेका ओळीत लिहू. निदान त्या माणसांना कोणीतरी सांगायला हवं की त्यांच्यापुढे दार कुठून बंद झालं. मला शिवता येतं, चिमीला पानं मोजता येतात, यांना गावातली सगळी माणसं ठाऊक आहेत. काय होईल ते होईल. भीती वाटतेच. हे लिहिताना खिडकी लावलीय.

"तुम्ही-आम्ही" आता पुरे झालं, ऐक. पंधरा तारखेची वाट बघू नकोस. सामान जेवढं हातात मावेल तेवढंच घे. मोठ्या थांब्यावर उतरू नकोस, एक थांबा आधी उतर. तुझा दादा तिथे उभा असेल, झाडूवाल्यांच्या खाकी डगल्यात. पटकन ओळखू येणार नाही, म्हणून सांगतेय. समोरच्या स्टुलावरच्या माणसाकडे बघायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी रोज बघते.

मास्तरांनी फॉर्मवर सही केली. हात त्यांचाही थोडा थांबला. म्हणाले, हा परवा दुपारी कार्यालयात पोचेल, त्यापुढे काही मला तो धरून ठेवता येणार नाही, आणि एकदा तिथे वाचला की तिला वाटेतच अडवतील.

फॉर्मच्या आधी तू पोच.

वहिनी